वैद्यबुवांना ऊन लागू नये म्हणून

इंगोले मास्तर रस्त्यात भेटले की नमस्कार करत नसत. "किती?" असं विचारत.

नवखा माणूस गोंधळायचा. वय विचारलं, वाजले किती ते विचारलं, की मुलं किती हे विचारलं? काहीतरी अंदाजानं तो उत्तर द्यायचा. मग मास्तर कोटाच्या वरच्या खिशातून, जिथे आम्हां बाकीच्या मास्तरांचं फाउंटन पेन असे तिथून, काचेची लांबच लांब नळी उपसत, डोळे बारीक करून तिच्यातला पारा बघत आणि स्वतःच सांगत, "एकशे सात! आन् अजून तं अकराच वाजून राहिले!" एवढं सांगून, कुणी बक्षीस दिल्यासारखे खूश होऊन पुढे निघून जात.

अमरावतीच्या आमच्या शाळेत मास्तर विज्ञान शिकवत, मी मराठी. घरंही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे माझ्या वाट्याला दिवसातून चार वेळा "किती?" येई. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात वैशाख. एकदा मी भडकून म्हणालो, "मास्तर, तुमची ती नळी माझ्या बगलेत खुपसा आणि काय ते बघा!" त्यांनी खरंच खुपसली. दोन मिनिटं माझा हात दाबून धरला आणि म्हणाले, "अठ्ठ्याण्णव. तुमी बिमार नाई गुरुजी. स्वभावच हाये तुमचा."

लग्नाच्या पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरत. पाटवडीचा रस्सा वाढला की मास्तर आधी नळी बुडवत. "एकशे चौसष्ट! थांबा, कोनी खाऊ नोका, जीभ भाजते!" असं एकदा त्यांनी इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितलं, की शंभर माणसांचे हात जागच्या जागी थांबले. वधूपित्याला वाटलं, रश्श्यात पाल पडली. त्या गृहस्थानं पुढे मास्तरांना बारशालाही बोलावलं नाही.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे "कारण पाहू." शाळेची घंटा फुटली, कारण पाहू. मुलगा नापास झाला, कारण पाहू. माझी बायको माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, तेव्हाही हा गृहस्थ ओसरीवर येऊन बसला. "कारणाबिगर पान हालत नाई, गुरुजी. पयले कारण पाहू." कारण मला चांगलं ठाऊक होतं आणि ते मला पाहायचं नव्हतं.

या माणसाकडे एक मोटार होती. एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरनं वापरून वापरून कंटाळल्यावर विकलेली, हिरवी, जुनी, विलायती. ती घराला लागूनच्या गोठ्यात उभी असे. म्हैस विकली तेव्हा मोटार आली, म्हणून मास्तरांच्या पत्नी शांतावहिनी पहिले काही महिने सकाळी सवयीनं तिच्यासमोर उभ्या राहत.

या मोटारीत मास्तरांनी एक यंत्र बसवायला घेतलं. आता हे यंत्र नीट समजून घ्या, कारण मला ते त्यांनी निदान पन्नास वेळा समजावलं आहे. टपावर रॉकेलचा रिकामा डबा, त्यात पाणी. तिथून रबरी नळी खाली येते. डाव्या खिडकीत वाळ्यानं ठासून भरलेली जाळीची पेटी. नळीतलं पाणी वाळ्यावर ठिबकायचं, धावत्या मोटारीचा वारा ओल्या वाळ्यातून आत यायचा, आणि आतली माणसं थंडगार व्हायची. इथपर्यंत कुणालाही सुचलं असतं. पण मास्तरांना पाणी आपोआप सुरू व्हायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी पितळेची एक पट्टी आणि लोखंडाची एक पट्टी एकमेकींना रिवेट मारून जोडली. उन्हानं पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी. म्हणून जोडपट्टी वाकते. पट्टी वाकली की खुट्टी उचलली जाते, खुट्टी उचलली की दाबलेली नळी सुटते आणि पाणी वाहू लागतं. हवा पंच्याण्णव डिग्रीच्या वर गेली की पाणी सुरू, खाली आली की बंद. ही पट्टी पत्र्याच्या भोकाभोकांच्या डबीत, पुढच्या सीटसमोर बसवलेली होती.

"हे आपले वैद्यबुवा," मास्तरांनी डबीवर टिचकी मारून ओळख करून दिली. "हवेची नाडी पायतेत. सारं काम याइच्यावर. हे बिमार पडले का आपून मेलो!"

हे वाक्य ते ओसरीवर म्हणाले तेव्हा शांतावहिनी दारात धान्य निवडत होत्या. हे लक्षात ठेवा.

हा सगळा खटाटोप वहिनींसाठी होता, एवढं मला माहीत होतं. वहिनींचं माहेर अकोल्याला. तीन वर्षांपूर्वी भर मे महिन्यात त्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं एकट्या अकोल्याला निघाल्या आणि मूर्तिजापूरला उतरल्या त्या चक्कर येऊन पडल्याच. ऊन लागलं होतं. पाणपोईवरच्या एका म्हातारीनं कांदा फोडून नाकाशी धरला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, म्हणून जीव राहिला. तेव्हापासून होळी झाली की मृगापर्यंत दहा ते पाच या वेळात वहिनी उंबरठा ओलांडत नसत. अंगणात पापड वाळत असले आणि गाय तोंड घालत असली तरी आतूनच "हाड हाड" करायच्या. त्यांची आई थकलेली, तिला इकडे येणं जमत नसे. आणि या वर्षी वैशाखात वहिनींच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न अकोल्याला निघालं होतं.

"पहाटेच्या गाडीनं न्या की," मी म्हणालो. "यंत्र कशाला हवं?"

"पहाटी नेली तं भेव घरी तसंच राहाते, गुरुजी," मास्तर म्हणाले. "भर दुपारी न्यायची. एकशे बारा असतानी न्यायची. आन् थंडगार न्यायची. मंग जाते भेव!"

वहिनींनीही अट घातली होती. "तुमचं यंत्र चाललं तं येईन. नाई तं लगन पत्रिकेवर पाईन." लग्नाला पंधरा दिवस उरले होते.

आणि यंत्र चालेना!

म्हणजे घरी चाले. मास्तर वैद्यबुवांना बाहेर काढून मेणबत्ती दाखवत, पट्टी झकास वाके, पाणी धो धो वाहे. पण मोटार रस्त्याला लागली, हवा एकशे आठवर गेली, तरी वैद्यबुवा ढिम्म. आम्ही मोझरीच्या रस्त्यानं चाचणीला जात असू. जाताना पाण्याचा टिपूस नाही. मी घामानं निथळतोय, मास्तर नळी बघून ओरडताहेत, "एकशे नऊ! अवो वैद्यबुवा, एकशे नऊ!" मोझरी जवळ आली की एकदम झर्रकन पाणी सुरू. परतीच्या वाटेवर तर सगळं यथासांग.

अशाच एका परतीच्या फेरीत आमचे मुख्याध्यापक मोझरीच्या आश्रमात भेटले. ते मूळ पुण्याचे, उपरणंही इस्त्रीचं. मास्तरांनी त्यांना आग्रहानं पुढे बसवलं. अर्ध्या वाटेवर पेटी तुंबली आणि वाळ्यातून एक सणसणीत धार थेट मुख्याध्यापकांच्या मांडीवर. "इंगोले! हे काय चाललंय?" ते किंचाळले. मास्तरांना फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. "हो सर! चालून राहिलं! चालून राहिलं!" असं म्हणत त्यांनी आनंदानं भोंगा वाजवला. मुख्याध्यापकांना बडनेऱ्याच्या नातेवाइकांकडे जायचं होतं, ते नांदगावलाच उतरून टांगा बघू लागले.

मास्तरांनी नोंदींची वही सुरू केली. सूर्य कुठे, वारा कुठून, इंजिन किती तापलं, मी कुठे बसलो होतो. होय, मीही संशयितांत होतो. "तुमचा राग गरम हाये, गुरुजी. तुमी मांगं बसून पाहा." मी मागे बसलो, फरक नाही. मला उजवीकडे बसवलं, डावीकडे बसवलं, एकदा खाली बसवलं. मग म्हणाले, मोटारीत कांद्याचा वास येतो, तुमच्या खिशातला कांदा काढा. उन्हात निघताना वऱ्हाडातला शहाणा माणूस खिशात कांदा ठेवतो, तसा माझ्याही असे. तो त्यांनी काढून ठेवायला लावला. लू लागून मेलो असतो तर ती नोंदसुद्धा वहीत झाली असती.

अकराव्या दिवशी मास्तर पहाटेच माझ्या दारात. डोळे चमकत होते. "कारण सापडलं! जातानी मरते, येतानी जगते. कावून? दिशा! पट्टीत लोखंड हाये. उत्तरेकडं तोंड झालं का चुंबकासारखं होत असन!"

मला विज्ञान कळत नाही, पण हे थोतांड आहे एवढं कळत होतं. तसं म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "म्हनूनच तं पायचं! आज उलटं जाऊ."

उलटं म्हणजे खरंच उलटं. मोझरीचाच रस्ता, पण मोटारीचं तोंड अमरावतीकडे आणि आम्ही चाललोय पाठीमागे! मास्तर मान मागे वळवून चालवताहेत, मी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा राहून "बैल! बैल! डावीकडे!" ओरडतोय. कँपातल्या रस्त्यावर लोक दुकानांतून बाहेर आले. एका टांगेवाल्यानं टांगा बाजूला घेत विचारलं, "काहो मास्तर, शाळेत काई इसरले का?" दोन मैल आम्ही असे गेलो. माझी मान पुढे चार दिवस सरळ झाली नाही. आणि वैद्यबुवा? ढिम्म.

मास्तर पहिल्यांदाच खचलेले दिसले. लग्न चार दिवसांवर आलं होतं. मोटार लिंबाखाली उभी करून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला आला राग. नेमका तेव्हा पुन्हा कांद्याचा वास आला.

"मास्तर!" मी ओरडलो. "माझा कांदा तुम्ही घरी ठेवायला लावलात ना? मग हा वास कुणाचा?"

मास्तर ताठ झाले. नाक वर करून हुंगू लागले. सीटखाली हुंगलं, खिडकीत हुंगलं, मग हळूहळू पुढे सरकत वैद्यबुवांच्या डबीशी येऊन थांबले. पेचकस काढला. झाकण उघडलं.

आत पितळ-लोखंडाच्या पट्टीला मऊ पांढऱ्या फडक्याची सैलसर गुंडाळी होती, पाण्यानं चिंब. आणि फडक्याच्या घडीत, पट्टीच्या अगदी उशाशी, अर्धा फोडलेला कांदा.

मी जो हसत सुटलो! वैद्यबुवांना ऊन लागू नये म्हणून कुणीतरी कपाळावर ओली पट्टी ठेवून नाकाशी कांदा धरला होता! बाहेर एकशे दहा, पण ओल्या फडक्यात वैद्यबुवा शिमल्यात बसल्यासारखे. त्यांना गरम होणार कसं आणि ते वाकणार कसे? मोझरी येईपर्यंत फडकं वाळायचं, तेव्हा कुठे ते जागे व्हायचे. दिशा नाही, चुंबक नाही, माझा रागही नाही. मी डोळे पुसत पुसत हसत होतो आणि मग पाहिलं तर मास्तर हसत नव्हते.

ते फडक्याचा काठ बोटांनी चाचपत होते. "तिच्या जुन्या लुगड्याचं हाये," म्हणाले. "मी जेवाले बसलो का ते गोठ्याच्या दारानं येत असन. रोज."

"बरं झालं, कारण सापडलं. आता वहिनींना सांगून टाका."

मास्तर पट्टीकडेच बघत म्हणाले, "गुरुजी, ते मूर्तिजापूरले पडली त्या दिवशी सकायी नवालेच मी डिग्री पायली होती. एकशे चार. दुपारी एकशे बारा होनार हे मले मालूम होतं. मी वहीत लिवून ठेवलं. आन् तिले म्हनलं, मले पेपर तपासाचे हायेत, तू हो पुढं."

तीन वर्षं हा माणूस दिसेल त्याला "किती?" का विचारत होता, ते मला त्या लिंबाखाली कळलं. त्याआधी हातात नळी असे, पण ती प्रयोगशाळेत. खिशात ती आली त्या उन्हाळ्यापासून. आणि मी तिची टवाळी करत आलो होतो. मला माझी लाज वाटली.

"सांगनार नाई मी तिले," मास्तर म्हणाले. "पाहा ना तुमी! जे बाई उन्हाच्या भेवानं उंबरठ्याभाईर पाय टाकत नाई, ते दुसऱ्याले उन्हापासून वाचवून राहिली! तिले वाटते, आपल्यामुयं हा वैद्य जिवंत हाये. सांगतलं तं भेव वापस येईन."

असं म्हणून त्यांनी कांदा होता तसा उशाशी ठेवला, फडकं गुंडाळलं आणि झाकण लावलं. मग पक्का दोरा आणला. खुट्टीला बांधून तो पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूनं स्टिअरिंगपर्यंत नेला आणि त्याच्या टोकाला आपलं डावं बोट अडकवलं. दोरा ओढला की खुट्टी वर, सोडला की खाली. वैद्यबुवांची नोकरी आता मास्तरांकडे आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी भर बारा वाजता आम्ही निघालो. मी मागे, वहिनी पुढे डाव्या बाजूला. डोक्यावरून पदर, मुठीत कांदा, मांडीवर पाण्याचा तांब्या. बडनेरा येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग वाळ्यातून गार झुळूक आली आणि त्यांनी एक डोळा उघडला.

"चाललं का काई?"

"चालून राहिलं!" मास्तर ओरडले. "वैद्यबुवा फार्मात हायेत आज!"

वहिनींनी दुसरा डोळा उघडला. झाकणाच्या भोकांतून त्यांनी तांब्यातलं पाणी बोटांनी आत शिंपडलं आणि हळूच म्हणाल्या, "चाला बुवा, चाला. मी हाओ." मास्तर समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या बोटाला मिनिटामिनिटाला झटका बसत होता, आणि मी मागे बसून वाळ्याचा वास घेत कधी नव्हे तो थंड डोक्यानं सगळं बघत होतो.

मूर्तिजापूर आलं. पाणपोई दिसली तसे मास्तर वेग वाढवायला लागले. वहिनी एकदम म्हणाल्या, "थांबवा."

"कावून? कसंसं होऊन राहिलं का?"

"तांब्या रिकामा झाला. याइच्यासाठी पानी पायजे."

आणि ती बाई दार उघडून उतरली. डोक्यावर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर एक कुत्रं नव्हतं. वहिनी तांब्या घेऊन भराभर रस्ता ओलांडून पाणपोईच्या छपरापर्यंत गेल्या. मास्तर अर्धे उतरले होते, पण त्यांचं बोट दोऱ्यात अडकलेलं. तिथून त्यांना हलता येईना आणि ते हाकही मारीनात. नुसते बघत होते. वहिनींनी तांब्या भरून घेतला, पाणी देणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्या, बहुधा त्या म्हातारीची चौकशी केली असावी, आणि उन्हातूनच सावकाश चालत परत आल्या. सावकाश! मी त्यांना तीन उन्हाळ्यांत दुपारी अंगणातही पाहिलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

सीटवर बसून पदरानं मान पुसत वहिनींनी विचारलं, "किती?"

मास्तरांनी खिशातून नळी काढली. मी मागून वाकून पाहिलं. पारा एकशे अकरावर होता.

"नव्व्याण्णव," मास्तर म्हणाले.

पंगतीत, वर्गात, स्मशानातसुद्धा ज्या माणसानं कधी अर्ध्या डिग्रीची सूट दिली नाही, त्यानं भर मूर्तिजापुरात बारा डिग्री गिळून टाकल्या. पुढे सरकारनं फॅरनहाइट काढून सेल्सिअस आणलं आणि पेपरात अमरावतीचं ऊन पंचेचाळीस छापून आलं, तेव्हा हेच मास्तर "अर्ध्याहून जास्त ऊन सरकारनं खाल्लं!" म्हणून आठ दिवस भांडत होते.

अकोल्याला मांडवाच्या दारात मोटार थांबली तेव्हा साडेतीन वाजले होते. वहिनींची आई काठी टेकत बाहेर आली. "बाई गं, येवढ्या उन्हात कावून आली वं?" वहिनींनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "कायचं ऊन माय? नव्व्याण्णव तं हाये." म्हातारीला काही कळलं नाही, पण ती लेकीच्या गळ्यात पडून रडली. आत बायका गोळा झाल्या, हसणं-बोलणं सुरू झालं.

मास्तर मोटारीशीच उभे होते. डावा हात पाठीमागे धरलेला. मी बघितलं, बोटाला दोऱ्याचा खोल वळ पडून त्यातून रक्त आलं होतं. "गियर लागला, गुरुजी," ते मलाच सांगू लागले, मी सगळं पाहिलेलं असताना.

तेवढ्यात वहिनी आतून बाहेर आल्या. हातात हळदीची चिमूट. त्यांनी वैद्यबुवांच्या डबीचं झाकण नखानं सहज बाजूला केलं, आतलं ओलं फडकं काढून दातांनी त्याची एक चिंधी फाडली आणि उरलेलं पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. खुट्टीला बांधलेला दोरा तिथेच लोंबत होता. त्यांनी तो बोटानं अलगद पत्र्याआड सारला.

मास्तर हात पुढे करीनात. "अवं, हे... म्हंजे त्याचं कारण असं..."

"कारण मांगून पाहू," वहिनी म्हणाल्या. "हात द्या इकडं."